घोड्याचा खूर आणि केकचा टिन

पुरोडाश केवढा करावा, याबद्दल शतपथ ब्राह्मणात एक छोटीशी चर्चा आहे. पुरोडाश म्हणजे यज्ञात देवतेला अर्पण करायचा तांदळाच्या किंवा जवाच्या पिठाचा जाड रोट. तो घोड्याच्या खुराएवढा असावा असं काहींचं मत नोंदवून ग्रंथकार लगेच विचारतो, की घोड्याचा खूर केवढा असतो हे ठाऊक आहे कुणाला? करणाऱ्याच्या मनाला फार पसरट वाटणार नाही एवढा करावा, हा त्याचा निवाडा. जिथे बारीकसारीक हालचालसुद्धा आखून दिलेली असते, त्या वाङ्मयात ही मोकळीक वाचून बरं वाटतं. पण नीट पाहिलं तर ती फार मोठी मोकळीक नाही. धान्य किती घ्यायचं ते ठरलेलं आहे : चार मुठी. पुरोडाश ज्यांवर भाजायचा ती कपालं, म्हणजे निखाऱ्यांवर एकमेकांना खेटून मांडायचे भाजक्या मातीचे तुकडे, तीही मोजून दिलेली आहेत : अग्नीसाठी आठ, इंद्र आणि अग्नी या जोडीसाठी अकरा. पीठ ठरलं, खालची मांडणी ठरली, की हाताशी उरतं ते किती थापायचं एवढंच. आणि तिथे पसरट नको ही ताकीद आहेच. जाडी सांभाळा, असं तो ग्रंथकार सांगतो आहे.

आजच्या केकच्या पाककृतीत मांडणी उलटी झालेली दिसते. मैदा ग्रॅममध्ये, सोडा पाव चमचा, व्हॅनिला इसेन्सचे थेंबसुद्धा मोजून. भांड्याची पाळी येते ती शेवटी, तूप लावलेल्या टिनमध्ये मिश्रण ओता, अशा अर्ध्या वाक्यात. टिन केवढा, किती खोल, कशाचा, याबद्दल पुष्कळदा अवाक्षर नसतं. याचं कारण आपल्या रोजच्या स्वयंपाकाच्या सवयीत आहे. आमटी पातेल्यात केली काय आणि कढईत केली काय, करणारी व्यक्ती चुलीपाशी उभी असते. आटली तर पाणी घालते, करपायला लागली तर आच कमी करते, चाखून मीठ वाढवते. आपल्याकडची पाककला ही दुरुस्तीची कला आहे. केकला हे चालत नाही. ओव्हनचं दार लावलं की हात बाहेर राहतो, आणि आत काय चाललंय ते काचेतून बघत बसणं एवढंच उरतं. म्हणून सगळे निर्णय आधी घ्यावे लागतात, आणि त्यांतला सर्वांत मोठा निर्णय भांड्याचा असतो. टिन हा केकचा एक जिन्नसच आहे असं माझं मत आहे, आणि यादीत त्याची जागा मैद्याच्याही वर हवी.

समजा पाककृती ८ इंची गोल टिनची आहे आणि घरात ६ इंचीच आहे. आठाच्या जागी सहा म्हणजे पाऊण, तेव्हा सगळं पाऊणपट घेऊ, असा हिशेब मनात पटकन होतो. तो चुकीचा आहे. वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. आठाचा वर्ग ६४, सहाचा ३६. दोन्ही टिन सारखेच खोल असतील तर लहानात मोठ्याच्या ५६ टक्के, म्हणजे निम्म्याहून जेमतेम जास्त मिश्रण मावायला हवं. पाऊणपट घातलं तर ते हवं त्यापेक्षा एक तृतीयांशाने जास्त होतं, आणि ओव्हनच्या तळाशी जळक्या साखरेचा वास सुटतो तो यामुळेच. गंमत अशी की बेकरीवाल्यांच्या बोलीत हे गणित केव्हाच मुरलेलं आहे. साधारणपणे ६ इंची टिन अर्ध्या किलोचा आणि ८ इंची टिन किलोचा, असं ते म्हणतात. दोन इंचांच्या फरकात वजन दुप्पट कसं होतं, हे त्यांना कुणी सिद्ध करून दाखवलेलं नसतं. रोजच्या कामातून वर्गाचा नियम त्यांच्या तोंडी बसला आहे.

गोलाऐवजी चौकोन घ्यायचा असेल तर प्रश्न जरा रंगतदार होतो. ८ इंची चौकोनी टिन नसेल तर ९ इंची गोल घ्या, असं बेकिंगच्या पुस्तकांत छापलेलं असतं. चौकोनाचं क्षेत्रफळ ६४ चौरस इंच, गोलाचं ६३.६. हा मेळ इतका जवळचा आहे की टिन बनवणाऱ्यांनी मुद्दाम योजला असावा असं वाटतं. पण सारख्या क्षेत्रफळाचे गोल आणि चौकोन काढण्याची गरज टिनांपेक्षा फार जुनी आहे. श्रौत यज्ञात तीन अग्नी असतात. गार्हपत्याचं स्थान गोल, आहवनीयाचं चौकोनी, दक्षिणाग्नीचं अर्धवर्तुळाकार. आणि तिन्हींचं क्षेत्रफळ सारखं असावं असा दंडक. चौकोनाचा गोल कसा करायचा, याची कृती म्हणूनच बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञाच्या जागा दोरीने आखायचे नियम सांगणाऱ्या ग्रंथात, येते. चौकोनाच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी धरायची आणि ती बाजूच्या मध्याकडे फिरवायची. चौकोनाबाहेर जेवढा भाग जाईल त्याचा तिसरा हिस्सा ठेवून उरलेला सोडून द्यायचा. जी लांबी राहील ती त्रिज्या.

८ इंची चौकोनी टिनवर ही कृती करून पाहण्यासारखी आहे. मध्यापासून कोपरा ५.६६ इंचांवर, बाजूचा मध्य ४ इंचांवर. बाहेर जाणारा भाग १.६६, त्याचा तिसरा हिस्सा ०.५५. त्रिज्या ४.५५, म्हणजे व्यास ९.१ इंच. अचूक उत्तर ९.०३ आहे. इसवी सनापूर्वी काही शतकं, दोरी आणि खुंट्यांनिशी काढलेल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ दोन टक्क्यांच्या आत बरोबर येतं, आणि केकला दोन टक्के कळतसुद्धा नाहीत. अग्नीच्या जागा आखण्यासाठी केलेला नियम मैद्याच्या मिश्रणालाही लागू पडतो, यात चमत्कार शोधायचं कारण नाही. आकार बदलायचा पण प्रमाण हलू द्यायचं नाही, ही अडचण दोन्हीकडे एकच आहे.

मात्र क्षेत्रफळ सारखं झालं म्हणजे गोल आणि चौकोन एकमेकांचे तंतोतंत बदली झाले असं नाही. ८ इंची चौकोनाची कड ३२ इंच भरते, ९ इंची गोलाची २८च्या थोडी वर. शिवाय चौकोनाच्या कोपऱ्याला दोन बाजूंनी आच लागते, त्यामुळे कोपरे आधी भाजतात आणि कोरडे पडतात. ब्राउनी चौकोनी टिनमध्ये करतात, आणि तिचा चिवट कोपरा मिळावा म्हणून घरात भांडणं होतात, ती याच दोषामुळे. स्पंज केकला तो कोपरा नको असतो. त्याला गोल बरा.

आता जाडी. उष्णता घन पदार्थातून कशी सरकते याचं गणित जोसेफ फुरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ साली ग्रंथरूपाने मांडलं. त्यातून निघणारा एक निष्कर्ष प्रत्येक बेकरच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे : नुसत्या वहनाने उष्णता आत पोहोचायची असेल तर लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपटीकडे झुकतो. टिनमध्ये बाजूंनीही आच येते, मिश्रण फुगताना त्याचे गुण बदलतात, त्यामुळे प्रत्यक्षात चौपट होत नाही. पण दुप्पट धरून चालणारा हमखास फसतो. उथळ टिनसाठी लिहिलेलं मिश्रण खोल टिनमध्ये ओतलं की कडा आधी घट्ट होतात, मधला भाग मात्र पातळच असतो आणि फुगत राहतो. बाजूला जायला वाव नाही, म्हणून तो वर चढतो आणि कवच फोडून बाहेर येतो. केकच्या डोक्यावरची ती भेग बेकिंग पावडर जास्त झाल्याची खूण समजली जाते. बऱ्याचदा ती भांडं खोल झाल्याची खूण असते. अशा वेळी आच १८०वरून १६० अंशांवर आणून वेळ वाढवणं हा खरा उपाय.

दुसरा उपाय मध्यच काढून टाकण्याचा. जर्मन भाषक मुलखात गुगेलहुप्फ नावाचा केक मधोमध नळी असलेल्या साच्यात करतात. अमेरिकेत मिनियापोलिस इथल्या ज्यू महिलांच्या हदासा संस्थेतल्या काही जणींना तसा साचा हवा होता. नॉर्डिक वेअर कंपनीच्या डेव्हिड डालक्विस्ट यांनी १९५० साली तो ॲल्युमिनियममध्ये ओतून दिला. हाच बंट पॅन. पुढची कितीतरी वर्षं त्याला फारसं गिऱ्हाईक नव्हतं. १९६६च्या पिल्सबरी कंपनीच्या बेकिंग स्पर्धेत एला हेलफ्रिच या बाईंनी त्यात केलेल्या चॉकलेट केकला दुसरं बक्षीस मिळालं, आणि मग घरोघर त्याची मागणी सुरू झाली. आज लोक तो साचा त्याच्या नक्षीसाठी घेतात. त्याचं खरं काम नळी करते. जड, लोण्याने भरलेल्या मिश्रणाचा कुठलाही कण तापलेल्या धातूपासून फार दूर राहू नये, एवढी काळजी ती घेते.

आच कुठून येते, हाही प्रश्न भांड्याचाच. कोकणात काकडीचं धोंडस करतात. रवा, गूळ, ओलं खोबरं आणि किसलेलं तवसं जाड बुडाच्या पातेल्यात घालून खाली मंद विस्तव आणि झाकणावर निखारे. वरचे निखारे विसरले तर तळ करपेल आणि माथा शिजलेल्या शिऱ्यासारखा मऊ राहील. ओव्हन घरात येण्याच्या कितीतरी आधी वरची आच आणि खालची आच वेगवेगळी राखायची विद्या आपल्याकडे होती, हे धोंडस खाताना ध्यानात येत नाही. गोव्याची बेबिंका तर याहून पुढची. नारळाचं दूध, अंड्यांचे पिवळे बलक, साखर, थोडं पीठ, तूप आणि जायफळ. मिश्रण एकदम ओतायचं नाही. पातळ थर ओतायचा, वरच्या आचेने तो सोनेरी होऊ द्यायचा, त्यावर तूप सोडायचं आणि मग पुढचा थर. निदान सात थर तरी हवेत असा रिवाज. काही जणी सोळापर्यंत जातात. फुरिएच्या भाषेत बोलायचं तर बेबिंकेत जाडीचा प्रश्न थर पाडून सोडवला आहे. प्रत्येक थर इतका पातळ, की आच आत पोहोचायला वेळच लागत नाही. आणि कारमेलची चव एकट्या माथ्यावर न राहता सात ठिकाणी येते. बेबिंकेला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते मानांकन मिळवताना कारागिरांनी जिन्नसांइतकंच कृतीला महत्त्व दिलं असेल तर ते योग्यच झालं, कारण तेच जिन्नस एका खोल टिनमध्ये ओतून भाजले तर जे होईल त्याला कुणी बेबिंका म्हणणार नाही.

भांडं कशाचं, याबद्दल थोडक्यात. ॲल्युमिनियम स्टेनलेस स्टीलच्या सुमारे पंधरापट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून आपल्या फडताळातला चकचकीत स्टीलचा डबा केकला वाईट आणि कुकरचा जुना, काळवंडलेला ॲल्युमिनियमचा डबा चांगला. स्टीलमध्ये आच सारखी पसरत नाही, एका बाजूला डाग पडतो. काळ्या रंगाचा नॉनस्टिक टिन ओव्हनच्या तापलेल्या भिंतींकडून येणारी उष्णता जास्त शोषतो, त्यामुळे कवच लवकर गडद होतं; तिथे आच थोडी उतरवावी. सिलिकॉनचे रंगीबेरंगी साचे मला पटत नाहीत. केक सुटून येतो खरा, पण फिका, कडेला भाजल्याची चव नसलेला.

काचेची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण ती केकपासूनच सुरू होते. न्यू यॉर्क राज्यातल्या कॉर्निंग ग्लास वर्क्समध्ये जेसी लिटलटन नावाचे शास्त्रज्ञ होते. रेल्वेच्या उपयोगासाठी कंपनीने उष्णतेने न तडकणारी काच केली होती. १९१३ साली त्या काचेच्या बॅटरीच्या बरणीचा तळ कापून त्यांनी घरी आणला आणि पत्नी बेसी यांनी त्यात स्पंज केक भाजला. केक चांगला झाला, आणि दोन वर्षांनी पायरेक्स बाजारात आलं. काच उष्णता सावकाश घेते आणि घेतलेली सावकाश सोडते. शिवाय तापलेल्या ओव्हनमधल्या किरणांचा काही भाग ती आरपार जाऊ देते. म्हणून काचेच्या भांड्यात केक करताना आच साधारण १५ अंशांनी कमी ठेवायला सांगतात, आणि ओव्हनमधून काढल्यावर तो भांड्यातच राहू दिला तर तो भाजत राहतो. बेसीबाईंच्या हातात त्या दिवशी काचेचा तुकडा होता, पाककृती मात्र धातूच्या टिनची असणार. त्यांनी वेळेचा अंदाज कसा बांधला असेल, याची मला उत्सुकता आहे.

टिनला तूप लावायचं की नाही, हेसुद्धा केकचा प्रकार पाहून ठरवायचं. नेहमीच्या केकला लावावं, मैदा भुरभुरावा, तळाशी बटर पेपर घालावा. पण एंजल फूड केक नुसत्या अंड्यांच्या पांढऱ्यावर उभा असतो. फुगताना त्याला टिनच्या भिंतीचा आधार धरून चढावं लागतं, त्यामुळे भिंत कोरडीच हवी. आणि भाजल्यावर टिन पालथा घालून थंड करावा लागतो, नाहीतर स्वतःच्या वजनाने तो बसतो. त्याच्याच कुळातला शिफॉन केक. लॉस एंजेलिसमध्ये विमा विकणाऱ्या हॅरी बेकर यांनी १९२७च्या सुमारास तो तयार केला आणि वीस वर्षं कृती गुप्त ठेवली. १९४७ साली त्यांनी ती जनरल मिल्सला विकली तेव्हा रहस्य उघडं पडलं : लोण्याऐवजी साधं खाद्यतेल.

इथे आपण जिन्नसांकडे येतो. लोण्याऐवजी तेल, मैद्याऐवजी कणीक, अंड्याऐवजी दही, अशा अदलाबदलीच्या याद्या सर्वत्र मिळतात. त्यांत एकच उणीव असते : जिन्नस तिथे काय काम करत होता, हे सांगितलेलं नसतं. साखर घ्या. आपण तिला गोडीसाठी धरतो. लोणी आणि साखर एकत्र फेसतात तेव्हा साखरेचे कंगोरेदार कण लोण्यात हवेचे सूक्ष्म कप्पे करतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे निर्माण करत नाही. आधीच असलेल्या कप्प्यांत वायू भरून त्यांना फुगवते एवढंच. कप्पे नसतील तर पावडर कितीही घाला, केक जाडाभरडा होतो. म्हणून बारीक दाण्याची साखर हवी. पिठीसाखर लोण्यात पटकन मिसळते खरी, पण तिचा दाणाच मोडलेला असल्याने हवा धरण्याचं काम ती नीट करू शकत नाही. आपल्या वाण्याकडची साखर एम-३० किंवा एस-३० दर्जाची, चहासाठी उत्तम, केकसाठी मोठी. १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा करणाऱ्या आणि तेव्हापासून उसावर राजकारण करणाऱ्या या राज्यात केकची बारीक साखर मात्र वाण्याकडे सहसा मिळत नाही. मिक्सरचा एक-दोनदा झटका द्यावा आणि पीठ व्हायच्या आत थांबावं, हा घरगुती तोडगा.

साजूक तुपाचं तसंच. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि बाकी बहुतेक पाणी असतं. तुपात पाणी नाही. १०० ग्रॅम लोण्याच्या जागी १०० ग्रॅम तूप घालणारा वीस ग्रॅम स्निग्धांश वाढवतो आणि पाणी गाळतो, मग केक तेलकट का झाला म्हणून विचारतो. ८० ग्रॅम तूप आणि थोडं दूध, हा हिशेब. तूप फेसायला आपल्याकडे कुणी शिकवायला नको. नानकटाईसाठी परातीत तळहाताने तूप पांढरं, हलकं होईपर्यंत फेसणाऱ्या बायका हेच हवेचे कप्पे करत होत्या. मग ती नानकटाई पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडून दिवाळीच्या आधी कोपऱ्यावरच्या बेकरीत भाजायला नेत, रांगेत उभ्या राहत. भट्टी बेकरीवाल्याची, फेसणं घरचं.

मैद्याबद्दल एवढंच : परदेशी पाककृतीतलं केकचं पीठ मऊ गव्हाचं, ७ ते ९ टक्के प्रथिनांचं असतं. आपला मैदा सहसा त्याहून चिवट. कपभर मैद्यातले दोन मोठे चमचे काढून तितकंच कॉर्नफ्लॉर घातलं की काम भागतं. आणि कुठलाही मैदा ओला झाल्यावर फार घोटू नये.

अंड्याचा प्रश्न आपल्याकडे सगळ्यांत वादाचा, कारण अंडं तिथे एकटं चार कामं करतं. ते ओलावा देतं, हवा धरतं, स्निग्ध आणि पाणीदार भाग जुळवून ठेवतं, आणि गरम झाल्यावर गोठून केकची चौकट उभी करतं. एका वस्तूने या चारही कामांची भरपाई होत नाही. कंडेन्स्ड मिल्क घातलेला बिनअंड्याचा केक टिकून राहिला तो यामुळे, की त्यात दुधाची प्रथिनं आणि साखर एकवटलेली असतात. फुगवण्याचं काम सोड्याकडे दिलं जातं. दही आणि सोडा, किंवा इनो, यांचा वायू मात्र ओलं होताच निघायला लागतो. तेव्हा मिश्रण तयार झाल्यावर टिन शोधायला निघालेल्याचा केक निम्मा फुगून गेलेला असतो. बिनअंड्याच्या केकचा पहिला नियम अंड्याबद्दल नाहीच. टिनला तूप लागलेलं असावं आणि ओव्हन तापलेला असावा, हा तो नियम. अंडं नसल्याने चौकट दुबळी, म्हणून असा केक खोल टिनमध्ये मध्ये बसतो. त्याला उथळ, पसरट भांडं मानवतं. जिन्नस बदलला की भांडंही बदलावं लागतं, हे पाककृती लिहिणारे सहसा सांगत नाहीत.

जिन्नस आणि भांडं दोन्ही एकदम नव्याने ठरवावं लागलं, अशी एक हकिकत केरळात तलश्शेरीला सांगतात. १८८३च्या नाताळाआधी मर्डॉक ब्राउन नावाच्या मळेवाल्याने मंबळ्ळी बापू या बेकरीवाल्याला इंग्लंडहून आणलेला केक चाखायला दिला आणि तसाच करून मागितला. बापू ब्रह्मदेशात बिस्किटं करायची कला शिकले होते, केक त्यांनी कधी केला नव्हता. सांगतात, की त्यांनी धर्मडमच्या लोहाराकडून साचा घडवून घेतला, मसाले मलबारच्या शेतकऱ्यांकडून घेतले. ब्राउनने माहेची फ्रेंच ब्रँडी सुचवली होती. तिच्या जागी काजूच्या बोंडांची आणि कदळी केळ्यांची गावठी दारू वापरली. केक ब्राउनला पसंत पडला. ही गोष्ट देशातल्या पहिल्या नाताळ केकची म्हणून सांगितली जाते. पहिला कोणता, याचा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. मला त्यातला क्रम आवडतो. बापू आधी लोहाराकडे गेले. फळं आणि मद्य बदलता येतं, एकाच्या जागी दुसरं चालतं. पण साचा घडल्याशिवाय मिश्रण किती करायचं हेच ठरत नाही.

मुंबईच्या इराणी आणि पारशी बेकऱ्यांतला मावा केक हेही त्याच शहाणपणाचं उदाहरण. मावा जड असतो, त्यात दुधाची प्रथिनं आणि साखर भरपूर, त्यामुळे तो लवकर लालसर होतो. मोठ्या टिनमध्ये आतपर्यंत शिजेस्तोवर वरचा भाग जास्त भाजला जाण्याची भीती. तो लहान कागदी वाट्यांत करतात, हे नुसतं विकायला सोयीचं म्हणून नसावं. वेलचीची वाफ त्या एवढ्याशा केकमध्ये कोंडून राहते, हा वरचा नफा.

उरला प्रश्न मापाचा, आणि इथे आपली अडचण घोड्याच्या खुरासारखीच आहे. कप केवढा? अमेरिकन कप २३७ मिलीलिटरचा. बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांनी १८९६च्या आपल्या पुस्तकात कप आणि चमचे काठाशी सपाट करून मोजण्याचा आग्रह धरला, आणि तेव्हापासून ते राष्ट्र कपाने मोजतं आहे. आपल्याकडे कमलाबाई ओगल्यांच्या १९७०च्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची मापं घरोघर रुजवली, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यावर स्वयंपाक बिनचूक झाला. पण केकमध्ये वाटी दगा देते. तोच कपभर मैदा चमच्याने हलका भरला तर १२० ग्रॅम, दाबून भरला तर १५० ग्रॅम भरतो. पाच वाट्यांत एका वाटीचा फरक पडला, तर भाजीला तो चाखून निस्तरता येतो, केकला नाही. काटा घ्यावा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आता एका बऱ्या टिनच्या किमतीत मिळतो.

आणि टिनचं माप इंचांत लक्षात ठेवण्याऐवजी पाण्यात ठेवावं. टिन काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा, काठोकाठ पाणी ओतावं, वजन वाचावं. जेवढे ग्रॅम तेवढे मिलीलिटर. ८ इंची गोल, दोन इंच खोल टिन सुमारे १,६५० भरेल, ६ इंची सुमारे ९२५. सुट्या तळाच्या टिनला हे जमणार नाही, त्यात आधी प्लास्टिकची पिशवी अंथरावी. मिश्रण त्याच्या अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंत. मग गोल, चौकोनी, बदामी, डब्याचा, कसलाही आकार असो, पाककृतीचा टिन आणि तुमचा टिन यांच्यातला भागाकार एका ओळीत होतो. लग्नातल्या भांड्यांवर आपल्याकडे नाव आणि तारीख घालून घेतात, आणि भांड्यांच्या दुकानात ते घालून देणारा माणूस अजूनही असतो. पुढच्या वेळी केकचा टिन घेऊन त्याच्याकडे जा आणि तळावर नावाऐवजी तो आकडा घालून घ्या.